फेरापासून लेझमीच्या रांगेपर्यंत

लेखिका : मंडळाची एक सभासद

आपल्या मंडळाने गेल्या वर्षी नवशिक्या बायकांसाठी लेझमीचा वर्ग सुरू केला, हे सर्व भगिनींना ठाऊक आहेच. फळ्यावर अध्यक्षबाईंनी मुद्दाम लिहविले होते की, "पूर्वी लेझीम कधी हातात धरलेली नसली तरी चालेल." त्या एका ओळीने पुष्कळजणींना धीर आला. काही सुना आल्या, काही सासवा आल्या, आणि दोन घरांतून तर सासूसुना बरोबरच आल्या. गल्लीत बोलणेही झाले. "या वयात कसला नाच शिकता?" असे कोणी म्हणाले. त्याचे उत्तर सोपे आहे : हातपाय चालतात तोवर शिकावे. पण दुसरे एक बोलणे मनाला लागून राहिले. ते असे की, "आपल्या घरंदाज बायकांत नाच कधी होता? हे नवे खूळ आहे."

हे खरे आहे काय? चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी चार शब्द मागितले, तेव्हा याच प्रश्नावर लिहावे असे ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा पांडित्य नाही. जे वाचले, थोरामोठ्यांकडून ऐकले आणि डोळ्यांनी पाहिले, ते आपणापुढे ठेवते.

खेळ म्हणायचे, नाच म्हणायचे नाही

घरंदाज बायका नाचत नव्हत्या हे मुळीच खरे नाही. नाचत होत्या, आणि रात्र रात्र नाचत होत्या. फक्त त्याला नाच म्हणत नव्हत्या, एवढेच.

श्रावणातला मंगळवार घ्या. नव्या नवरीने लग्नानंतर पहिली पाच वर्षे मंगळागौर पुजायची आणि रात्री जागरण करायचे. आरती झाली की पदर खोचले जातात. झिम्मा, पिंगा, फुगडी सुरू होते. एका फुगडीचेच प्रकार पाहा : दंडफुगडी, बसफुगडी, जात्याची फुगडी, कासवफुगडी. मग लाट्या, घोडा, कोंबडा, आगोटा-पागोटा, किस बाई किस, गाठोडे, सूप नाचविणे. पायाला ठेका, हाताला टाळी, तोंडाला गाणे आणि अंगाला घाम. नाचाला याहून आणखी काय लागते? पण आपण म्हणतो 'मंगळागौरीचे खेळ'.

श्रावणातच नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकी झाडाला झोके बांधतात आणि गावच्या मोकळ्या जागेत फेर धरतात. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की पुन्हा झिम्माफुगडी. आश्विनात हस्ताचा पाऊस आला की भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्या भोवती मुलींनी फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. यालाच कोठे हादगा म्हणतात. विदर्भात आणि खानदेशात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसवितात. तिचीही गाणी मुली फेर धरूनच म्हणतात.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक ठिकाणी मध्यभागी कोणी तरी देव आहे. कोठे गौर, कोठे नाग, कोठे हत्ती. व्रताचे नाव पुढे केले म्हणजे घरात कोणी नाही म्हणत नसे. आपल्या पणज्या या बाबतीत मोठ्या शहाण्या होत्या, असे मला वाटते. पहाटेपासून दळण, कांडण, पाणी, भाकरी यांत वाकलेली पाठ वर्षातून पाचदहा रात्री तरी मोकळी व्हावी, याची सोय त्यांनी देवाच्या साक्षीने करून ठेविली. खेळांची नावेसुद्धा घरातल्या कामाचीच आहेत. ज्या जात्याशी दिवसभर झगडायचे त्याची फुगडी करायची. ज्या सुपाने पाखडायचे ते सूप नाचवायचे. आणि नऊवारी लुगड्याचा काचा असल्यामुळे पाय मोकळे राहत. पाचवारी आली तशी फुगडी आखडली, असे जुन्या बायका म्हणतात, ते खोटे नाही.

फेर आणि रांग

फेर आणि रांग यांत एक फरक आहे. फेरात सगळ्यांची तोंडे आत असतात. बाहेरच्याला दिसते ती पाठ. हा खेळ बाहेरच्याने बघण्यासाठी नसतोच. तो आपसातला असतो. रांगेचे तसे नाही.

गोव्यात आणि सिंधुदुर्गाकडे बायकांचा धालो नावाचा प्रकार आहे. पौष महिन्यात, जेवणे आटोपल्यावर, चांदण्यात गावच्या मांडावर बायका जमतात. दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालतात, आणि गाणे म्हणत पुढे येतात, वाकतात आणि पुन्हा मागे जातात. एका रांगेने म्हणायचे, दुसरीने उचलायचे. असे काही रात्री चालते आणि शेवटच्या दिवशी सोंगे आणून हसून घेतात. ही झाली बायकांची रांग. पण तीही एकमेकींकडे तोंड करून उभी, जगाकडे नव्हे. पुरुषांना तेथे बहुधा मज्जावच असतो.

डोंगराकडच्या समाजांत मात्र असा आडपडदा नाही. पालघर जिल्ह्यातल्या वारली लोकांचा तारपा नाच आपण चित्रांत पाहिला असेल. तारपा वाजविणारा मध्ये, आणि त्याच्यामागे बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात. साखळी वळते, उलगडते, पण तारप्याकडे कोणी पाठ करीत नाही. आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात ठाकर मंडळींचा कांबडनाच प्रसिद्ध आहे. या लोकांनी नाचाला नाच म्हणण्याची लाज कधी धरली नाही. लाज धरली ती आपण, गावातल्या आणि शहरातल्या लोकांनी. ती का धरली, हेही पाहिले पाहिजे.

ज्यांना फेरात जागा नव्हती

'नाच' हा शब्द घरच्या बायकांनी टाळला, कारण तो शब्द पोटासाठी पायात चाळ बांधणाऱ्या बायकांकडे गेला होता. त्यांतल्या मोठ्या नावांपैकी एक आपल्या जिल्ह्याचे आहे. पवळाबाई हिवरगावकर या संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावच्या. जन्म १८७० सालचा, दलित घरातला. त्या काळी तमाशात बाईचे काम बहुतेक नाच्या पोऱ्या करी. अशा वेळी पवळाबाई स्वतः फडात उभ्या राहिल्या आणि त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. पठ्ठे बापूराव म्हणजे सातारा-सांगलीकडच्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांनी लावण्या रचाव्या आणि पवळाबाईंनी त्या रंगवाव्या, अशी ती जोडी होती. पुढच्या काळात कांताबाई सातारकरांनी संगमनेरला राहून आपला फड नावारूपाला आणला. त्या १९३९ साली जन्मल्या आणि मे २०२१ मध्ये वारल्या. अखेरपर्यंत त्यांचे नाव तमाशाशीच जोडलेले राहिले.

आता भगिनींनो, खरे बोलायचे तर आपल्या घरांनी या बायकांना काय दिले? घरचे पुरुष जत्रेत तिकीट काढून त्यांचा तमाशा पाहून आले, टाळ्या वाजवून आले, आणि घरी आल्यावर लेकीला म्हणाले की पाय नीट टाक, नाचऱ्यासारखी चालू नकोस. मंगळागौरीतला ठेका आणि फडातला ठेका हे काही दोन देशांतून आलेले नाहीत. ढोलकी तीच, पाऊलही तेच. एकीला खेळ म्हटले आणि दुसरीला नाव ठेविले. 'घरंदाज बायकांत नाच नव्हता' या म्हणण्यात दुसऱ्या बायकांना खाली बसविण्याचा भाग किती आहे, याचा विचार आपण करावा.

फेरात जागा नसलेली दुसरी बाई आपल्याच घरातली होती. मंगळागौर सवाष्णींची, हळदीकुंकू सवाष्णींचे. ज्या बाईचे कुंकू गेले तिचा झिम्माही गेला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापून विधवांच्या शिक्षणाची वाट काढली. कायदा झाला, शाळा झाल्या. पण घरच्या फेराने आपले कडे उघडले नाही.

आपल्या वर्गात येणाऱ्या एका मावशींनी मला सांगितले, "लग्नाला तीन वर्षे झाली आणि मालक गेले. तेव्हापासून महालक्ष्म्यांच्या रात्री मी चुलीपाशी. बाहेर जावा-नणंदा फुगडी घालायच्या आणि मी आत उद्याचे पुरण वाटायची. ठेका ऐकू यायचा, तसा पाटा हलायचा." मावशींचे वय आज सत्तरीच्या आसपास आहे. पन्नास वर्षे त्या चुलीपाशीच राहिल्या.

आपल्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यादेवींचे नाव मिळाले. त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जन्म १७२५ चा. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य केले, घाट बांधले, देवळे उभारली, न्याय दिला. म्हणजे ज्यांचे नाव आपण रोज पत्त्यावर लिहितो, त्या थोर बाईही विधवाच होत्या. त्या आज आल्या, तर आपल्या हळदीकुंकवाला आपण त्यांना बोलावू की नाही? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्यास सुचविले. ठराव कागदावर झाला. तो अंगणात आणणे हे आपल्यासारख्या मंडळांचे काम आहे.

लेझीम तालमीतून बाहेर आली

आता लेझमीकडे वळते. ही मुळात पुरुषांची आणि तालमीची. शब्द फारशीतून आला. धनुर्धारी शिकाऊ लोकांनी दंड तयार करण्यासाठी जे मऊ धनुष्य ओढायचे, ज्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी असे, ते लेझीम. मल्ल लोक ती व्यायामासाठी वापरू लागले. पुढे धनुष्यबाणाचा काळ सरला. धनुष्याचा हातभर लाकडी दांडा झाला, साखळीत पत्र्याच्या चकत्या आल्या, आणि जोरासाठी असलेली वस्तू तालासाठी वाजू लागली. हलगी किंवा ढोल कडाडला की तालमीची पोरे पालखीपुढे आणि यात्रेत लेझीम खेळू लागली. १८९३ नंतर सार्वजनिक गणपती बसू लागले तसे मिरवणुकीतही लेझमीला स्थान मिळाले. आपल्या माळीवाड्यातल्या विशाल गणपतीच्या गावात हे कोणाला सांगायला नको.

तालमीतून ती शाळेत कशी आली, ही हकिकत मोठी आहे, थोडक्यात सांगते. इंग्रजी अमलात देशी व्यायामाला पुन्हा मान यावा म्हणून पुष्कळ लोकांनी आयुष्य घातले. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरातून सांघिक व्यायामाची पद्धत बसविली. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्या मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परदेशी लोकांना करून दाखविले. पुण्यात १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. १९३८ साली कांदिवलीला व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी व्यायामाचा दहा भागांचा ज्ञानकोश काढला. अशा प्रयत्नांतून शाळेच्या मैदानावर डंबेल्सच्या जोडीला लेझीम आली.

आणि मैदानावर ज्या रांगा उभ्या राहिल्या त्यांत मुलीही होत्या. कारण मुली आता शाळेत होत्या. आपल्या नगरचा यात जुना वाटा आहे. सिंथिया फॅरार या अमेरिकन मिशनच्या बाई १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली येथेच वारेपर्यंत त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले ते नगरला त्यांच्याकडेच. मुलगी आधी बाकावर बसली, म्हणून पुढे मैदानावर उभी राहू शकली. १९४१ साली राष्ट्र सेवा दल निघाले. त्याच्या शाखांवर आणि कलापथकांत मुलगे आणि मुली एकत्र खेळू, गाऊ आणि नाचू लागले. नाच म्हणजे वाईट चालीचे लक्षण, ही समजूत ढिली व्हायला त्याचा पुष्कळ उपयोग झाला. १९४७ साली रोहिणीबाई भाटे यांनी पुण्यात 'नृत्यभारती' काढून घराघरांतल्या मुलींना कथक शिकविण्यास आरंभ केला.

लेझमीने मात्र या बाबतीत वेगळीच युक्ती केली. पणज्यांनी नाचाला खेळ म्हटले होते. शाळेने त्याला कवायत म्हटले. नाव बदलले की घरची परवानगी मिळते, हा जुनाच अनुभव. पण एक मोठा फरक झाला. फेरातली मुलगी आत तोंड करून होती. कवायतीतली मुलगी पुढे तोंड करून उभी राहिली. सव्वीस जानेवारीला, बक्षीससमारंभाला, सगळ्या गावासमोर. आईबाप कौतुकाने पाहू लागले. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले तेव्हा सांगलीकडच्या लेझीमपटूंनी देशोदेशींच्या पाहुण्यांपुढे लेझीम खेळून दाखविली. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीला सात हजारांवर मुलामुलींनी एकाच वेळी लेझीम खेळून जागतिक विक्रम केला. आणि आता तर गणपतीच्या मिरवणुकीत ढोल कमरेला बांधून मुली चालतात. कोणी तोंडात बोट घालीत नाही.

आता वर्ग कशाला लागतो?

कोणी म्हणेल, एवढे सगळे आपल्यात होते तर वर्ग काढून शिकवावे का लागते? आमच्या आज्यांना कोणी शिकविले होते?

त्यांना शिकवावे लागले नाही, कारण सहा वर्षांची पोर फेराच्या शेपटाला उभी राहत असे. चुकत चुकत, थोरल्या बहिणीचे पाय बघत ती दहा वर्षांची होईपर्यंत तयार होई. त्यासाठी वाड्याचा चौक होता, शेजारच्या चार घरच्या मुली होत्या, आणि संध्याकाळ मोकळी होती. वाडे पडले, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. जिन्यात फेर धरता येत नाही. मुलींच्या शिकवण्या सुरू झाल्या. मंगळागौरीचे खेळ आता पुण्या-मुंबईचे गट पैसे घेऊन येऊन करून दाखवितात. ते छान करतात यात शंका नाही. पण घरच्या बायका खुर्च्यांवर बसून पाहतात. आमच्या वयाच्या पुष्कळजणींनी शाळेत दोन वर्षे लेझीम केली आणि लग्नानंतर दांडा हातात धरला तो फक्त केरसुणीचा. म्हणून चाळिशीत पुन्हा पहिल्यापासून शिकणे आले.

ही अडचण काही आपलीच नाही. अमेरिकेत 'लाइन डान्स' म्हणून एक प्रकार आहे. १९७० नंतरच्या दशकात तो वाढला आणि १९९२ च्या सुमारास एका गाण्यामुळे जगभर पसरला. त्यात जोडीदार लागत नाही. सगळ्यांनी रांगांनी उभे राहायचे, ठरलेली पावले मोजून टाकायची, मग वळायचे आणि तीच पावले दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून पुन्हा टाकायची. साठीसत्तरीच्या बायकाही त्या वर्गाला जातात. मोबाईलवर पाहिले तेव्हा मला आपलीच लेझीम आठवली. जोडीदार वारलेला असो, नसो, घरी रागावलेला असो. रांगेत उभे राहायला कोणाची परवानगी किंवा सोबत लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सांगितले आहे की, मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान दीडशे मिनिटे अंगमेहनतीचा व्यायाम करावा, आणि पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावा. म्हातारपणी पडणे किती महागात पडते हे घरोघरी माहीत आहे.

नवशिकीची जागा

आता वर्ग कसा चालतो ते सांगते, म्हणजे ज्या अजून उंबऱ्यात उभ्या आहेत त्यांची भीती जाईल.

पहिला आठवडा हातात लेझीम देतच नाहीत. नुसती मोजणी आणि टाळी. पाऊल जागच्या जागी. मग हलकी, मुलांची लेझीम देतात. पहिला हुकूम 'चार आवाज'. खाली, वर, पुढे, जवळ असे चार वेळा वाजवायचे. ते जमले की 'एक जगह', मग 'आडी लगाव', मग 'पवित्रा'. हुकूम अजून जुन्या हिंदुस्थानीतच आहेत. तालमीची ती आठवण राहिली आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बैठकीचे प्रकार करायला लावीत नाहीत. त्यांनी उभ्यानेच ताल धरायचा. पहिले काही दिवस तळहाताला फोड येतात, मग हात तयार होतो. चपला बाहेर, पदर कमरेला किंवा पंजाबी पोशाख, आणि पोटभर जेवून येऊ नये. एवढेच नियम.

एक गोष्ट मात्र प्रत्येक नवी बाई चुकीची करते. ती आल्या आल्या शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहते. वाटते, मागे कोणाला दिसणार नाही. पण पुढे 'दो रुख'चा हुकूम होतो. म्हणजे सगळ्यांनी एकदम पाठीमागे वळायचे. वळल्याबरोबर शेवटची रांग पहिली होते! पुढे कोणी दिसत नाही आणि पाय जागच्या जागी गोठतात. म्हणून शिकविणाऱ्या ताई नवशिक्या बाईला मधल्या रांगेत घेतात. पुढे जाणती, मागे जाणती, दोन्ही बाजूंना जाणत्या. कोणत्याही दिशेला तोंड झाले तरी तिला कोणाचे तरी पाय दिसतात. 'चौ रुख' झाले तरी ती एकटी पडत नाही. इतकी साधी गोष्ट, पण सारे शिक्षण यात आहे. जिला येत नाही तिला मध्ये घ्यावे, काठावर ठेवू नये.

वर सांगितलेल्या मावशी प्रथम आल्या त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कोणी बोलावीपर्यंत पुढे यायचे नाही, ही त्यांची जन्माची सवय. ताईंनी त्यांना हाताला धरून मधल्या रांगेत आणले. आज त्यांची लेझीम आम्हा पुष्कळजणींहून स्वच्छ वाजते. मोजणी तर त्यांना कधी करावीच लागली नाही. पन्नास वर्षे पाट्यावर मोजलीच होती.

मंडळाजवळ मागणे

वर्धापनदिनाच्या निमित्ताने तीन मागण्या मंडळापुढे ठेवते. पहिली, हा वर्ग समारंभापुरता न ठेवता बारमाही चालवावा आणि जिला वर्गणी देणे जमत नाही तिची वर्गणी मंडळाने सोसावी. दुसरी, आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचे आणि मंगळागौरीच्या खेळांचे बोलावणे यापुढे सगळ्या बायकांना जावे. कुंकू आहे की नाही हे पाहून नव्हे. तिसरी, तमाशात आयुष्य घालविलेल्या एखाद्या वडील कलावतीला आपण पाहुणी म्हणून बोलवावे, साडीचोळी देऊन मान करावा आणि तिच्याकडून चार पावले शिकावी. ज्या जिल्ह्यात पवळाबाई झाल्या, तेथल्या बायकांच्या मंडळाने एवढे केलेच पाहिजे.

याशिवाय एक काम प्रत्येकीने घरी करण्याजोगे आहे. आपल्या घरातल्या, शेजारच्या वृद्ध बायकांना येत असलेले खेळ एका वहीत लिहून घ्यावे : कोणता खेळ, किती जणींचा, पाय कसे पडतात, गाणे कोणते. लिहायला न येणाऱ्यांनी सांगावे, येणाऱ्यांनी लिहावे. ती वही मंडळाच्या कपाटात राहील आणि नातींना उपयोगी पडेल.

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार वाजता, मंडळाच्या सभागृहात वर्ग असतो. लेझीम मंडळाची आहे, आणायची गरज नाही.